हाकेला ओ

आठवडाभराच्या बाळाला मांडीवर घेऊन आजी टाळू भरते. तेलाचं बोट डोक्याच्या मध्यावर टेकतं, तेव्हा खाली हाड लागत नाही. तिथे नुसती मऊ त्वचा असते आणि तिच्याखाली नाडीसारखं काहीतरी उडत असतं. नव्याने आई झालेली मुलगी ते बघून धास्तावते. आजी म्हणते, "भरेल गं, दीड वर्षात भरेल."

आजीचा हिशेब बरोबर आहे. पुढची टाळू बहुतेक बाळांची बारा ते अठरा महिन्यांत भरते. पण ती उघडी का असते, हे कळलं की थक्क व्हायला होतं. कवटीची हाडं जन्माच्या वेळी एकमेकांना पक्की जोडलेली नसतात, म्हणून जन्माच्या अरुंद वाटेतून येताना ती जराशी सरकू शकतात. बाहेर आल्यावर त्यांना याहून मोठं काम असतं. आतल्या मेंदूला जागा करून द्यायची असते. जन्मतः मेंदूचं वजन साडेतीनशे ते चारशे ग्रॅम भरतं. पहिल्या एका वर्षात त्याचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं आणि सहाव्या वर्षापर्यंत तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचतो. पुढे आयुष्यात कधीही मेंदू या वेगाने वाढत नाही.

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला पूनम सागरमधल्या एखाद्या वन-बीएचकेत हे सगळं कुकरच्या शिट्ट्या ऐकत, पाण्याच्या वेळा सांभाळत चाललेलं असतं. २०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. इथल्या बहुतेक आईबापांच्या मनात एक प्रश्न कायम असतो. बाबा सकाळच्या लोकलने जातो, आई कामावर किंवा कामात, जागा बेताची, दाराबाहेर अंगण नाही. आपण मुलासाठी पुरेसं करतोय का? महागडी खेळणी आणायला हवीत का? दीड वर्षाच्या पोराला कुठल्या क्लासला घालावं का?

गेल्या पन्नास वर्षांतल्या संशोधनातून या प्रश्नाचं जे उत्तर येतं, ते मोठा धीर देणारं आहे. मेंदू घडायला लागणारं सामान घरात आधीच असतं. तेलाची वाटी, आंघोळीची बादली, कणकेचा गोळा आणि रात्रीची तीच ती गोष्ट. अट एकच आहे. बाळाने हाक मारली की कुणीतरी ओ द्यायला हवी.

ओ आली नाही तर

बाळाच्या हाका नाना तऱ्हांच्या असतात. रडणं ही सगळ्यांत मोठी. पण पंख्याकडे टक लावून बघणं, तोंडाने बुडबुडे काढत 'अग्गूं' करणं, चमचा खाली टाकून आपल्याकडे पाहणं, कावळ्याकडे बोट दाखवणं, याही हाकाच. आपण डोळ्यांत बघून हसलो, 'हो रे, कावळा आला' म्हणालो, चमचा उचलून दिला, की ती ओ झाली. मग बाळ पुन्हा हाक देतं. दिवसभर अशी शेकडो देवाणघेवाण होते आणि आपल्या ती लक्षातही राहत नाही.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या देवाणघेवाणीची किंमत दाखवतो. काही महिन्यांच्या बाळाशी आई नेहमीसारखी खेळते. मग सांगितल्याप्रमाणे ती चेहरा निर्विकार करते. समोरच बसते, बाळाकडे बघतेही, पण हसत नाही, बोलत नाही. बाळाला काही क्षणांत बदल कळतो. ते आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. आईला परत आणण्याच्या सगळ्या युक्त्या वापरून पाहतं. काहीच चालेना झालं की मान फिरवतं, कोमेजतं, रडतं. ज्याला एक शब्द बोलता येत नाही, त्याला संवाद तुटल्याचं अचूक कळतं!

ट्रॉनिक यांच्या पुढच्या निरीक्षणांत याहून मोलाची गोष्ट सापडली. एकमेकांत रमलेली आई आणि बाळ यांचे सूरसुद्धा जेमतेम एक तृतीयांश वेळच जुळलेले असतात. उरलेल्या वेळात चुकामूक होते आणि मग पुन्हा जुळतं. मुलाचा विश्वास या पुन्हा जुळण्यातून तयार होतो. दिवसभर राबून घरी आलेल्या आईने हे मनाशी घट्ट धरून ठेवावं. प्रत्येक हाकेला ओ देणं कुणालाच जमत नाही आणि तशी गरजही नसते.

या देवाणघेवाणीने मेंदूत नक्की काय घडतं? सुरुवातीच्या वर्षांत बाळाच्या मेंदूत सेकंदाला दहा लाखांहून अधिक नव्या जोडण्या तयार होतात. हे वाक्य वाचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात काही दशलक्ष झाल्या. शिकागोचे पीटर हटनलॉकर यांनी मेंदूच्या ऊतींचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून या जोडण्या चिकाटीने मोजल्या. १९७९ साली त्यांनी दाखवलं, की मेंदूच्या पुढच्या भागात एक ते दोन वर्षांच्या मुलाच्या जोडण्यांची दाटी मोठ्या माणसापेक्षा सुमारे ५० टक्के जास्त असते. निसर्ग आधी मुबलक जोडण्या करून ठेवतो, मग ज्या वापरात येतात त्या राखतो आणि उरलेल्या काढून टाकतो. म्हणजे कुठलं बाळ कुठल्या घरात, कुठल्या भाषेत वाढणार आहे, हे निसर्ग आधी ठरवत नाही. ते घराच्या हवाली करतो.

राखलेल्या वाटा वेगवानही होतात. चेतातंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचं वेष्टण चढत जातं. वेष्टण नसलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला साधारण एक मीटर सरकतो, तर जाड वेष्टणाच्या तंतूतून सेकंदाला शंभर मीटरपर्यंत. या वेष्टणाला ठरावीक अंतरावर फटी असतात आणि संदेश एका फटीवरून पुढच्या फटीवर उडी घेतो. विरार फास्ट मधली स्टेशनं सोडून धावते, तसाच.

तेलाची वाटी, आंघोळीची बादली

सकाळचं न्हाऊमाखू घालणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. त्यात किती काय दडलंय, हे आता उलगडू लागलं आहे. त्वचेत काही खास चेतातंतू असतात. टोचणं, चटका यांच्याशी त्यांना देणंघेणं नाही. हळुवार कुरवाळण्याला ते प्रतिसाद देतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं, की सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर एवढ्या संथ गतीने हात फिरवला तर हे तंतू सर्वांत जोरात बोलतात. पुढच्या प्रयोगांत आईवडिलांना नुसतं बाळाला कुरवाळायला सांगितलं, तर त्यांचा हात आपसूक याच गतीने फिरला. कुणी शिकवलेलं नव्हतं. आजीच्या हाताची लय त्वचेच्या लयीशी जुळलेली असते, ती अशी.

मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने मालिश केलेल्या मुदतपूर्व बाळांचं वजन, खनिज तेलाने किंवा नुसत्या पावडरीने मालिश केलेल्या बाळांपेक्षा चांगलं वाढलं. आपल्या घरातलं साधं खोबरेल! मालिश मात्र हलक्या हाताने हवी. कानानाकात तेल सोडणं, धुरी देणं आणि डोळ्यांत काजळ घालणं या तीन गोष्टी बालरोगतज्ज्ञ टाळायला सांगतात, आणि त्यांचं ऐकावं.

मूल दोन-तीन वर्षांचं झालं की बादली आणि मग ही त्याची प्रयोगशाळा होते. मगातलं पाणी पेल्यात, पेल्यातलं वाटीत. सांडतं, पुन्हा भरतं. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी मुलांना हेच करायला लावून विचारांची घडण शोधली. रुंद पेल्यातलं पाणी मुलाच्या डोळ्यांदेखत उंच निमुळत्या पेल्यात ओतलं, तर चार वर्षांचं मूल ठामपणे सांगतं, आता पाणी वाढलं. सातव्या वर्षाच्या आसपास तेच मूल म्हणतं, पाणी तेवढंच आहे, पेला वेगळा. मधल्या काळात कुणी धडा दिलेला नसतो. शेकडो वेळा ओतून झालेलं असतं. म्हणून बाथरूममध्ये दहा मिनिटं जास्त लागली तर लागू द्यावीत. फक्त भरलेल्या बादलीपाशी लहान मुलाला क्षणभरही एकटं सोडू नये. बादलीतलं थोडंसं पाणीही जीवघेणं ठरू शकतं.

तासाला सतरा वेळा पडणं

चालायला लागलेलं मूल हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून पलंगाखाली अशा फेऱ्या घालत असतं. न्यूयॉर्कमधल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांची ही भटकंती मोजली. खेळत असताना एक मूल तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतं आणि १७ वेळा पडतं. मोठ्या माणसाला तासाला सतरा वेळा पडून पुन्हा उठायला सांगा! मूल उठतं, कारण पलीकडच्या टोकाला काहीतरी बघायचं असतं, किंवा कुणीतरी हात पसरून बसलेलं असतं.

या बाबतीत सोसायटीच्या आवारातल्या गप्पा आईचा जीव उगाच टांगणीला लावतात. "आमचा नवव्या महिन्यात चालला, तुमची अजून रांगतेय?" जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचं निरीक्षण करून २००६ साली याचं उत्तर दिलं. आधाराशिवाय चालणं ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतं. चारएक टक्के मुलं तर हातगुडघ्यांवर रांगतच नाहीत, थेट चालतात. जवळजवळ साडेनऊ महिन्यांची ही ऐसपैस मुदत निसर्गाने दिलेली आहे. शेजारच्या मुलाशी शर्यत लावून ती आखडती करू नये.

ओट्याजवळची शाळा

अकरा वाजता कणीक मळली जाते आणि पायांशी मूल घुटमळत असतं. त्याला एक गोळा द्यावा. दाबणं, लांबवणं, चिमटीत तोडणं यांतून बोटांचे बारीक स्नायू तयार होतात. पुढे पेन्सिल धरायला, बटण लावायला हेच स्नायू कामी येतात. ताटं मांडताना 'चार माणसं, चार चमचे' असं त्याला द्यायला लावावं. 'एक-दोन-तीन-चार' म्हणणं अडीच वर्षांच्या मुलाला येतं, पण शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे उमजायला बहुधा साडेतीन-चार वर्षं उजाडावी लागतात. गणिताची ही पहिली मोठी उडी बहुतेक घरांत ताटांच्या भोवतीच घेतली जाते.

जेवणाच्या बाबतीतला एक आकडा चकित करणारा आहे. मोठ्या माणसाचा मेंदू विश्रांतीच्या वेळच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा घेतो. २०१४ साली ख्रिस्तोफर कुझावा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पाच वर्षांच्या आसपासच्या मुलाचा मेंदू तब्बल दोन तृतीयांश घेतो. त्याच वयात शरीराची वाढ सर्वांत मंद असते. जणू शरीर स्वतः थांबून मेंदूला वाढून देतं. वरणभात, तूप, नाचणीचं सत्त्व, अंडं, पालेभाजी यांचा प्रत्येक घास कुठे जातो, ते यावरून कळावं. नवी भाजी एकदा थुंकली म्हणजे नावडली असं धरू नये. मुलाला नवी चव आपलीशी वाटायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर यावी लागते. बळजबरी न करता दुधी पुन्हा पानात वाढावा, आपण चवीने खावा, आणि मुलाला त्याच्या हाताने खाऊ द्यावं. लादीवर सांडलेला भात पुसता येतो.

अंगणात गेलेली शाळा

घरातल्या साध्या वस्तूंतून शिक्षण होतं, हे आपल्याकडे मेंदूची छायाचित्रं निघण्याच्या कितीतरी आधी ओळखलं गेलं होतं. तेही याच पश्चिम रेल्वेच्या वाटेवर. मीरा रोडहून उत्तरेला डहाणूपर्यंत लोकल जाते. त्याच्या पुढचं स्टेशन घोलवड आणि घोलवडजवळ समुद्रकाठी बोर्डी. तिथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं.

ताराबाईंचा जन्म १८९२चा. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला आणि १९३६ साली दादरला शिशुविहार. इटलीच्या मारिया माँटेसरी यांचा विचार त्यांनी आत्मसात केला होता. मूल हाताने काम करत शिकतं, मोठ्यांनी त्याला त्याच्या गतीने करू द्यावं. पण माँटेसरीची साधनं महाग होती. बोर्डीच्या गरीब वस्तीत ती कुठून येणार? ताराबाईंनी शिंपले, बिया, पानं, बांबू, माती यांतून साधनं घडवली. मोजायला बिया, क्रम लावायला शिंपले. मुलाच्या हाताला फरक पडत नव्हता.

त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. दलित वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येऊ शकत नव्हती. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आधी मुलांना आंघोळ, नखं, केस, मग गाणी, गोष्टी, खेळ. आयांच्या डोळ्यांसमोर हे चालायचं, त्यामुळे आयाही शिकायच्या. अंगणवाडी ती हीच. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेलं. मोठी मुलं गुरं राखायला कुरणात जायची, म्हणून कुरणशाळा निघाली. लहान भावंडं सांभाळावी लागतात म्हणून मुली शाळेला मुकत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली आणि तिचं नाव विकासवाडी पडलं. या सगळ्यात १९४५पासून ताराबाईंच्या बरोबरीने राबल्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या या बाईने १९९२ साली मृत्यू येईपर्यंत आपलं आयुष्य या मुलांना दिलं. मुलाने येऊन शाळेचं दार वाजवावं याची वाट न बघता या दोघी मुलाच्या हाकेच्या दिशेने चालत गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

ताराबाईंच्या या पद्धतीला दूरवरून पुरावा मिळाला. जमैकाची राजधानी किंग्स्टन इथे १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी कुपोषणाने वाढ खुंटलेली १२९ लहान मुलं निवडली. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची. बाटल्या, डबे, पुठ्ठे यांपासून केलेली खेळणी न्यायची आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला, त्याने केलेल्या गोष्टीचं कौतुक करायला शिकवायची. दोन वर्षांनी हे थांबलं. ही मुलं बावीस वर्षांची झाल्यावर पुन्हा शोधली गेली, तेव्हा ज्यांच्या घरी ती सेविका गेली होती, त्यांची कमाई तशाच परिस्थितीतल्या इतर मुलांपेक्षा २५ टक्के जास्त होती. पुठ्ठ्याची खेळणी आणि ओ द्यायला शिकलेली आई, एवढ्यावर वीस वर्षांनंतरचा पगार बदलला!

खाली खेळायला

संध्याकाळी पाचनंतर पूनम सागरच्या इमारतींमधून मुलं खाली उतरतात आणि कानावर भाषांची सरमिसळ येते. घरात मराठी, आवारात हिंदी, शेजारच्या काकूंची गुजराती, कुणाची उर्दू, कुणाची कोकणी. काही पालकांना भीती वाटते, की एवढ्या भाषांत मूल गोंधळेल. बाळाच्या कानाची ताकद कळली तर ही भीती राहणार नाही.

कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हा फरक ऐकूच येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो स्पष्ट ऐकू आला. पण दहा ते बारा महिन्यांच्या बाळांमध्ये हे कौशल्य ओसरलेलं होतं. जन्मलेलं प्रत्येक बाळ जगातल्या बहुतेक भाषांचे ध्वनी ओळखू शकतं, आणि वर्षभरात आपल्या घरात ऐकू येणारे ध्वनी राखून बाकीचे सोडून देतं. पूनम सागरच्या बाळाला चार भाषा राखायच्या असतील तर ते चारही राखील. त्या भाषांतून त्याच्याशी कुणीतरी बोलत मात्र असायला हवं.

हा 'कुणीतरी' किती महत्त्वाचा आहे, हे पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली दाखवलं. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसं बारा वेळा येऊन खेळली, बोलली. ती बाळं चिनी ध्वनी ओळखायला शिकली. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं, पडद्यावर दाखवलं. त्यांनी पडदा टक लावून पाहिला आणि काहीही शिकली नाहीत. पडदा हाकेला ओ देत नाही. म्हणूनच दोन वर्षांच्या आत पडदा नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांत तो तासाभराच्या आतच असावा. जेवताना मोबाइल समोर धरला की घास पोटात जातो, पण वाढणाऱ्याकडे मुलाचं लक्षच राहत नाही. गावच्या आजीचा व्हिडिओ कॉल मात्र वेगळा. दोन-अडीच वर्षांची मुलं समोरून उत्तर देणाऱ्या माणसाकडून पडद्यावरही शब्द शिकतात, असं २०१४च्या एका अभ्यासात दिसलं. आजी पडद्यातून का होईना, ओ देते.

आणि बोलू लागलेल्या मुलाची चूक कान देऊन ऐकावी. 'मी करलं' असं ते म्हणतं. घरात असं कुणीच म्हणत नाही. मग हे आलं कुठून? 'बसलं', 'पडलं', 'धरलं' ऐकून मुलाने स्वतः एक नियम शोधून काढला आणि तो 'कर'ला लावला. हे व्याकरण त्याला कुणी शिकवलेलं नाही. 'हो, तू केलंस!' एवढं म्हणावं. बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं आणि आनंदही टिकतो.

तीच गोष्ट पुन्हा

दुपारची झोप मोडावी का, हा घराघरातला वादाचा विषय असतो. रेबेका स्पेन्सर यांच्या गटाने २०१३ साली बालवाडीच्या मुलांना सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवायचा खेळ दिला. ज्या दिवशी मुलं दुपारी झोपली, त्या दिवशी त्यांना जास्त जागा आठवल्या. झोपेत मेंदू सकाळचं शिकलेलं नीट लावून ठेवत असतो. एक-दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास, तर तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते.

रात्रीच्या झोपेला सर्वांत उपयोगी पडतो तो ठरलेला क्रम. आंघोळ किंवा हातपाय धुणं, हलकी मालिश, दिवा मंद, गोष्ट किंवा अंगाई, मग झोप. जोडी मिंडेल यांनी २००९ साली ४०५ आयांना आणि मुलांना घेऊन हे तपासलं. रोज ठरलेला क्रम पाळू लागल्यावर मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी वेळा उठू लागली, आणि आयांची मनःस्थितीही सुधारली. लहान मुलाला घड्याळ कळत नाही. कशानंतर काय येतं, हेच त्याचं घड्याळ. क्रम ठरलेला असला की पुढची ओ येणारच, हे मुलाला आधीच ठाऊक असतं, आणि ते निश्चिंत होतं.

पूनम सागरमधल्या कितीतरी बाबांना गाडीतून उतरून घरी पोचायला नऊ-साडेनऊ होतात. त्यांच्यासाठी मुलाला जागं ठेवलं तर क्रम मोडतो. अशा घरात बाबाने सकाळ आपली करावी. दात घासणं, आंघोळ किंवा दूध. रोज तेच काम, त्याच वेळी. पंधरा मिनिटांचा तो ठरलेला सहवास मुलाला पुरेपूर मोजता येतो.

आणि गोष्ट? मूल तीच मागतं. कावळा-चिमणीच सांगा, काल सांगितली तशीच, शब्द बदलला तर ओरडतं. मोठ्यांना कंटाळा येतो. इंग्लंडच्या जेसिका हॉर्स्ट यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांना आठवडाभर गोष्टी वाचून दाखवल्या. काहींना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, काहींना नव्या नव्या. दोन्हींत तेच नवे शब्द तितक्याच वेळा आले. तीच गोष्ट ऐकणाऱ्यांनी ते जास्त चांगले आत्मसात केले. गोष्ट ओळखीची असली की मेंदू तिच्यातल्या नव्या गोष्टीकडे मोकळेपणाने लक्ष देतो. 'पुन्हा सांग' म्हणणाऱ्या मुलाला आपल्या शिकण्याची रीत आपल्याहून चांगली ठाऊक असते.

आपल्या हाती काय

एवढं सगळं वाचून नवी यादी करायची गरज नाही. मालिश, आंघोळ, कणीक, ताटं, खाली खेळणं, गोष्ट, झोप, या घरात आधीच होणाऱ्या गोष्टी आहेत. त्यांत मुलाला सामील करून घ्यावं, त्यांचा क्रम शक्यतो राखावा आणि त्या वेळी आपला फोन बाजूला असावा. घरात आजी-आजोबा असतील, सांभाळणाऱ्या मावशी असतील, पाळणाघर असेल, तर त्यांनाही हे समजावून सांगावं. हाकेला ओ आईनेच द्यायला हवी असं नाही. रोजची, ओळखीची, जीव लावणारी कुणीही व्यक्ती ती देऊ शकते.

काही खुणांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. तीन महिन्यांपर्यंत बाळ आपल्याकडे बघून हसत नसेल, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाचं होऊनही नावाने हाक मारल्यावर वळत नसेल किंवा 'बाबा-दादा' असे आवाज काढत नसेल, दीड वर्षापर्यंत चालत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट अचानक विसरत असेल, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणत थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. लसीकरणाच्या वेळी मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे छापलेले असतात, ते वाचावेत. जवळची अंगणवाडी कुठे आहे, हेही माहीत करून घ्यावं. मेंदू सर्वांत लवचीक असतो तो याच वर्षांत, म्हणून लवकर मिळालेली मदत सर्वांत जास्त फळते.

सहा वर्षं भुर्रकन जातात. टाळू भरून येते, मेंदू जवळजवळ पूर्ण आकाराला पोचतो. तोपर्यंत तुमच्या घरातून दिवसाला शेकडो हाका येणार आहेत. त्यांतल्या जमतील तेवढ्यांना डोळ्यांत बघून ओ द्या. मुलाला याहून मोठं शिक्षण आजवर कुणालाही विकत घेता आलेलं नाही.